ब्लॉक केलं तरी ऑनलाइन छळ पुन्हा सुरू होतो: फोनवर काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

मुलाला किंवा मुलीला कोणीतरी ऑनलाइन त्रास देत होतं. तुम्ही त्या अकाउंटला ब्लॉक केलं, चार दिवस शांत गेले आणि पुन्हा तेच. नवा नंबर, नवं अकाउंट, नवा ग्रुप. पालक माझ्याकडे येतात ते बहुतेक वेळा या टप्प्यावर. शाळकरी मुलांचे फोन आणि अकाउंट यांच्या अशा तक्रारी मी बरीच वर्षं हाताळते आहे. बहुतेक प्रकरणांत मला एकच गोष्ट दिसते: ब्लॉकचं बटण लगेच दाबलं गेलेलं असतं, पण त्रास नेमका कुठून येतोय हे कोणी शोधलेलं नसतं. म्हणून खालचा क्रम. आधी फुकटात आणि दहा मिनिटांत होणाऱ्या गोष्टी, मग वेळखाऊ, मग बाहेरच्यांची मदत लागणाऱ्या.

लक्षणं

फोनवर दिसणारी:

- एखादं अ‍ॅप काढून टाकलं जातं, परत घातलं जातं, पुन्हा काढलं जातं.
- सगळ्या अ‍ॅपचे नोटिफिकेशन चालू, एकाचेच बंद.
- प्रोफाइल फोटो अचानक गायब, जुन्या पोस्ट एकेक करून काढलेल्या.
- एकही पोस्ट नसलेल्या, नुकत्याच उघडलेल्या अकाउंटवरून लागोपाठ फॉलो रिक्वेस्ट.
- ग्रुप सोडल्यावर तासाभरात त्याच मंडळींच्या दुसऱ्या ग्रुपमध्ये नाव.
- न मागता आलेले ओटीपी आणि पासवर्ड बदलण्याचे मेसेज.
- स्क्रीन टाइममध्ये मध्यरात्रीनंतरचा वापर वाढलेला, किंवा आवडत्या अ‍ॅपचा वापर एकदम शून्यावर.

मुलात दिसणारी लक्षणं तुम्हाला माझ्यापेक्षा आधी कळतील. मेसेजचा आवाज आला की चेहरा पडतो. फोन हातात नको असतो आणि खालीही ठेवला जात नाही. सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखतं, सुट्टीच्या दिवशी दुखत नाही. जेवताना कोणी सहज "काय चाललंय ग्रुपवर?" असं विचारलं तर उत्तर मिळत नाही, किंवा नको इतकं लांबलचक मिळतं.

यातलं एखादं लक्षण एकटं असेल तर फारसं काही सिद्ध होत नाही. वयात येणारी मुलं प्रोफाइल फोटो काढतातच. तीन-चार लक्षणं एकाच पंधरवड्यात दिसली, तर पुढे वाचा.

आधी ठरवा: भांडण आहे की छळ?

शाळेतल्या छळाचा पहिला पद्धतशीर अभ्यास करणाऱ्यांपैकी एक, नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस, यांनी तीन खुणा सांगितल्या होत्या: दुखवण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा होणं, आणि दोन्ही बाजूंची ताकद असमान असणं. दोघी मैत्रिणी एकमेकींना तितक्याच जोरात सुनावत असतील तर ते भांडण. एकीविरुद्ध अख्खा वर्ग आणि तिला उत्तरच देता येत नाही, तर तो छळ.

फोनवर दुसऱ्या खुणेचा अर्थ थोडा बदलतो. एका मुलाने एकदाच फोटो टाकला, पण तो पुढे शंभर जणांनी पाठवला, तर फोटोतल्या मुलीसाठी ते शंभर वेळा घडलं. "मी एकदाच टाकला" हे म्हणणं अशा वेळी ग्राह्य धरू नका.

हा फरक महत्त्वाचा, कारण भांडणात शाळा आणि पोलीस आणले तर भांडण चिघळतं, आणि छळाला "आपसात मिटवा" म्हटलं तर ज्याच्यावर अन्याय होतोय त्यालाच हात जोडायला लावल्यासारखं होतं.

तपासणी १: मुलाला विचारा, पण आधी एक शब्द द्या

याला पैसे लागत नाहीत, अ‍ॅप लागत नाही, आणि हीच पायरी सर्वांत जास्त वेळा वगळली जाते.

मुलं घरी सांगत नाहीत याचं मी ऐकलेलं सर्वांत सामान्य कारण धमकी किंवा लाज हे नाही. कारण असतं, "सांगितलं तर फोन काढून घेतील." मुलाचं सगळं मित्रमंडळ त्या फोनमध्ये आहे. फोन काढून घेणं म्हणजे त्रास देणारा मोकळा आणि शिक्षा मुलाला. म्हणून सुरुवात अशी करा: "तू काहीही सांगितलंस तरी फोन तुझ्याकडेच राहील. पुढे काय करायचं ते आपण दोघं मिळून ठरवू." आणि मग तो शब्द पाळा. एकदा मोडलात तर पुढच्या वेळी मूल तुमच्याकडे येणार नाही.

समोरासमोर बसवून उलटतपासणी घेऊ नका. गाडीत, चालताना, भांडी आवरताना विचारलेलं बरं. एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. "तुला कोणी त्रास देतंय का?" याला "नाही" हे उत्तर तयारच असतं. त्यापेक्षा "तुमच्या वर्गाच्या ग्रुपवर कोणाची जास्त टिंगल होते?" असं विचारा. मुलं दुसऱ्याबद्दल बोलता बोलता स्वतःबद्दल सांगतात.

तपासणी २: काहीही डिलीट किंवा ब्लॉक करण्याआधी पुरावा

संतापाच्या भरात पालक पहिलं काम करतात ते चॅट पुसण्याचं. थांबा. शाळा, ते अ‍ॅप चालवणारी कंपनी आणि पोलीस तिघंही आधी "दाखवा" म्हणतात.

स्क्रीनशॉटमध्ये मजकुराबरोबर पाठवणाऱ्याचं अकाउंट नाव किंवा नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. प्रोफाइलचं दिसणारं नाव पुरेसं नाही, ते क्षणात बदलता येतं. अकाउंटच्या पानाची लिंक कॉपी करून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल करा. "डिलीट फॉर एव्हरीवन"ची मुदत दोन दिवसांहून थोडी जास्त असते, म्हणजे आज दिसणारा मेसेज परवा नाहीसा होऊ शकतो.

स्नॅपचॅटवर स्क्रीनशॉट घेतला की समोरच्याला कळतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या "व्ह्यू वन्स" फोटोचा स्क्रीनशॉट घेताच येत नाही. अशा ठिकाणी दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याने स्क्रीनचा फोटो काढा.

एक अपवाद अगदी स्पष्ट सांगते. अठरा वर्षांखालील कोणाचाही नग्न किंवा लैंगिक फोटो असेल तर त्याचा स्क्रीनशॉट घेऊ नका, तो स्वतःला पाठवू नका, शिक्षकांनाही "पुरावा" म्हणून पाठवू नका. बहुतेक देशांत तो जवळ बाळगणं किंवा पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे. अकाउंटचं नाव, लिंक, तारीख, वेळ लिहून घ्या आणि थेट "इथे थांबा आणि मदत बोलवा" या भागाकडे जा.

तपासणी ३: ब्लॉक का टिकला नाही?

पुन्हा पुन्हा उगवणाऱ्या त्रासाचं मूळ जवळजवळ नेहमी इथे किंवा पुढच्या तपासणीत सापडतं. घाई करू नका.

पहिली गोष्ट, व्हॉट्सअ‍ॅपवर एखाद्याला ब्लॉक केलं तरी ज्या ग्रुपमध्ये तुम्ही दोघं आहात तिथे त्याचे मेसेज दिसतच राहतात. हे अनेकांना माहीत नसतं. मूल म्हणतं "ब्लॉक करून काही उपयोग नाही", आणि ते खरंच बोलत असतं. दोघं कोणकोणत्या ग्रुपमध्ये एकत्र आहेत ते त्या नंबरच्या माहितीच्या पानावर दिसतं. ते ग्रुप सोडा, किंवा वर्गाच्या अधिकृत ग्रुपच्या अ‍ॅडमिन शिक्षकांशी बोला.

मग परत जोडलं जाणं बंद करा. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात ग्रुप्स. तिथे "एव्हरीवन" असेल तर नंबर ठाऊक असलेला कोणीही मुलाला कुठेही ओढू शकतो. "माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट" निवडून त्रास देणाऱ्यांची नावं वगळा. मग त्यांना फक्त आमंत्रण पाठवता येतं, आणि ते न स्वीकारता सोडलं की तीन दिवसांत बाद होतं. कॉल्समध्ये "सायलेन्स अननोन कॉलर्स" चालू करा. रात्रीचे अनोळखी कॉल वाजायचे थांबतात, नोंद मात्र राहते.

इन्स्टाग्रामवर ब्लॉक करताना एक पर्याय येतो: या माणसाची इतर आणि पुढे उघडली जाणारी अकाउंटंही ब्लॉक करायची का. घाईत लोक त्याच्यावरून पुढे जातात. तोच निवडायचा.

आणि कित्येकदा ब्लॉकपेक्षा इन्स्टाग्रामचंच "रिस्ट्रिक्ट" बरं पडतं. २०१९ मध्ये आलेली ही सोय अगदी याच कामासाठी आहे. रिस्ट्रिक्ट केलेल्याची कमेंट त्याला स्वतःला दिसते, इतरांना दिसत नाही. त्याचे मेसेज रिक्वेस्टमध्ये जाऊन पडतात, आणि तुम्ही ते वाचले की नाही हे त्याला कळत नाही. ब्लॉक केलं की समोरच्याच्या ते लवकरच लक्षात येतं आणि तो ईर्ष्येने नवं अकाउंट उघडतो. इथे त्याला वाटतं आपण बोलतोय, फक्त प्रतिसाद येत नाही. ज्याला प्रेक्षक हवे असतात त्याचा उत्साह असा लवकर ओसरतो. वर्गातलीच ओळखीची मुलं असतील तर मी आधी रिस्ट्रिक्ट सुचवते; अनोळखी मोठा माणूस असेल तर पुरावा घेऊन सरळ ब्लॉक आणि रिपोर्ट.

टॅग, मेन्शन, स्टोरीला उत्तर, गेममधलं चॅट, स्नॅपचॅटच्या स्नॅप मॅपवर दिसणारं मुलाचं ठिकाण: हे सगळं "फक्त मित्र" किंवा बंद करा. पाच मिनिटांचं काम.

तपासणी ४: माहिती आतून फुटते आहे का?

अकाउंट खासगी आहे, फॉलोअर मोजके आहेत, तरी मुलीने टाकलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी टिंगलीच्या ग्रुपवर येते. हा प्रकार वाटतो त्यापेक्षा खूप सर्रास होतो. कारणं दोनच: कोणीतरी अकाउंटमध्ये शिरलेलं आहे, किंवा मोजक्या मित्रांपैकी कोणीतरी बाहेर पोचवतंय.

आधी पहिलं तपासा, ते सोपं आहे. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये "लिंक्ड डिव्हाइसेस" उघडा. एका अकाउंटला चार उपकरणं जोडता येतात, आणि उघडा फोन मिनिटभर हातात मिळालेल्याला ते जमू शकतं. अनोळखी काही दिसलं की फोटो काढून लॉगआउट करा. इन्स्टाग्राम, गूगल, स्नॅपचॅट यांतही कुठे कुठे लॉगिन आहे त्याची यादी असते. एका मुलीच्या बाबतीत घोळ तिच्याच जुन्या टॅबचा निघाला. तो नातेवाइकांकडे दिला होता, अकाउंट तसंच उघडं होतं, आणि तिकडच्या मुलाने गंमत म्हणून चॅट वाचून शाळेतल्या मित्रांना दाखवली होती. सगळे तिच्या मैत्रिणींवर संशय घेत होते.

यानंतर पासवर्ड बदला, व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा, आणि फोनचा पॅटर्न जिवलग मैत्रिणीलाही सांगायचा नाही हे ठरवा. हा क्रम पाळा: आधी सगळीकडून लॉगआउट, मग नवा पासवर्ड, मग पिन, आणि पासवर्ड परत मिळवण्यासाठी दिलेला मेल व नंबर अजून तुमचाच आहे का ते पाहणं. हे शेवटचं राहून गेलं तर आत शिरलेला माणूस तासाभरात परत येतो.

अकाउंट स्वच्छ निघालं तर दुसरं कारण. फॉलोअर यादीतून मुलाने स्वतः एकेक नाव वाचावं: "हा प्रत्यक्षात मला माहीत आहे का?" नाही, तर काढायचं. तरीही गळती राहिली तर स्टेटस किंवा स्टोरी निम्म्या यादीलाच दाखवा. बाहेर गेली, तर गळती त्या निम्म्यात. तिचे पुन्हा दोन भाग करा. दोन-तीन फेऱ्यांत यादी चार-पाच नावांवर येते. मजकूर अगदी निरुपद्रवी ठेवा. नाव सापडलं म्हणून लगेच जाब विचारायला जाऊ नका. अनेकदा ते मूल स्वतःच दबावाखाली असतं, "तिचं काय चाललंय ते आण, नाहीतर तुलाही ग्रुपमधून काढू" या भीतीने वागत असतं.

तपासणी ५: आपोआप ओळखणारी साधनं, आणि त्यांच्याकडून किती अपेक्षा ठेवायची

"एखादं अ‍ॅप सांगा ना, जे सगळं पकडेल." हे मला जवळजवळ प्रत्येक पालक विचारतो. असं अ‍ॅप नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात, त्यामुळे वाटेत कोणालाच वाचता येत नाहीत. देखरेखीची अ‍ॅप मग फोनवरच नोटिफिकेशन किंवा स्क्रीनवरचा मजकूर वाचतात. अँड्रॉइडवर हे काही प्रमाणात जमतं, आयफोनवर फार थोडं. गूगलचं फॅमिली लिंक वेळ आणि अ‍ॅपवर नियंत्रण देतं, मेसेज दाखवत नाही. आयफोनमधली "कम्युनिकेशन सेफ्टी" नग्न फोटो फोनवरच ओळखून धूसर करते, आणि तो फोटो ॲपलकडे जात नाही. शब्दांच्या छळाचं मात्र तिला काही कळत नाही.

शब्द ओळखणारी यंत्रणा इंग्रजीत बरी चालते. आपली मुलं मराठी लिहितात रोमन लिपीत, आणि तिथे ती लंगडी पडते. "जाडी" हा एकच शब्द एका ए-ने, दोन ए-नी, मधे टिंब टाकून, ए-ऐवजी अ‍ॅट-चं चिन्ह घालून लिहिला जातो. त्याहून अवघड म्हणजे शब्द सभ्य आणि वार जिव्हारी. मुलीच्या फोटोखाली वर्गातल्या वीस जणांनी ओळीने "वा, काय सुंदर" लिहिलं आणि प्रत्येकाने तेच हसण्याचं चिन्ह लावलं, तर यंत्राला त्यात स्तुती दिसते. तिला एकटीला वगळून ग्रुप काढला, तर तिथे पकडायला शब्दच नाही.

म्हणून माझं मत: फिल्टर लावा, पण मुलाला शेजारी बसवून. इन्स्टाग्रामच्या "हिडन वर्ड्स"मध्ये, म्हणजे नको ते शब्द असलेल्या कमेंट लपवणाऱ्या फिल्टरमध्ये, शब्दांची स्वतःची यादी देता येते. ती मुलानेच सांगावी, कारण टोपणनाव त्यालाच माहीत असतं. एका मुलासोबत बसून अशी यादी केली तेव्हा तो शांतपणे एकेक स्पेलिंग सांगत होता, आणि त्याची आई पहिल्यांदाच ऐकत होती की तिच्या मुलाला रोज काय काय म्हटलं जातं. त्या यादीने कमेंट तर अडल्याच, पण आई काय बोलायचं ते न सुचून त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली, ते मला जास्त मोलाचं वाटलं.

चोरून देखरेखीचं अ‍ॅप टाकू नका. मुलाला ते कळतंच. मग दुसरं अकाउंट मित्राच्या फोनवर उघडलं जातं आणि तुमच्या हातातला शेवटचा धागाही सुटतो. लहान मुलाच्या फोनवर देखरेख हवी असेल तर सांगून ठेवा, आणि वयाबरोबर ती कमी कशी होणार तेही सांगा.

तपासणी ६: रिपोर्ट

रिपोर्ट करताना योग्य कारण निवडा. फेक अकाउंटला "मला आवडत नाही" असं रिपोर्ट केलं तर काही होत नाही. "कोणीतरी माझ्या नावाने वावरतंय" हा वेगळा पर्याय असतो. संपूर्ण अकाउंटपेक्षा विशिष्ट मेसेज किंवा पोस्ट रिपोर्ट करा, म्हणजे तपासणाऱ्यापुढे नेमका मजकूर जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट केलं की त्या चॅटमधले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात आणि समोरच्याला कळवलं जात नाही. म्हणून त्रासदायक मेसेज आल्या आल्या रिपोर्ट करा. नंतर दहा "सॉरी" आले की तेच पुढे जातील. आणि त्याच वेळी येणारा "चॅट डिलीट करा" हा पर्याय एक्स्पोर्ट केल्याशिवाय स्वीकारू नका.

तपासणी ७: शाळा

त्रास देणारा बहुतेक वेळा वर्गातलाच असतो, आणि वर्गातलं नातं कुठल्याही सेटिंगने बदलत नाही. वर्गशिक्षकांकडे तारखांची एक पानाची यादी आणि निवडक स्क्रीनशॉट घेऊन जा. दोनशे स्क्रीनशॉट कोणी वाचत नाही. नेमकी मागणी करा: बसण्याची जागा, मधल्या सुट्टीतली देखरेख, ग्रुपचे अ‍ॅडमिन कोण. पालकांच्या ग्रुपवर दुसऱ्या मुलाचं नाव घेऊन लिहू नका; तोही एका मुलाचा जाहीर छळच होतो.

त्रास देणाऱ्यांच्या यादीत तुमच्याच मुलाचं नाव निघण्याचीही तयारी ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, ४४ देशांतल्या ११, १३ आणि १५ वर्षांच्या मुलांच्या पाहणीत सुमारे सहांपैकी एकाने ऑनलाइन छळ सोसल्याचं सांगितलं, आणि सुमारे आठांपैकी एकाने आपण तो केल्याचं मान्य केलं. इतकी मुलं छळ करत असतील, तर ती कोणाच्या तरी घरातलीच आहेत.

इथे थांबा आणि मदत बोलवा

पुढचं काहीही दिसलं तर वरच्या पायऱ्या सोडा. घरी सोडवायचा हा विषय नाही.

मूल जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलतंय, स्वतःला इजा करतंय, जवळच्या वस्तू वाटून टाकतंय: त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ किंवा आपत्कालीन सेवा गाठा. "आत्महत्येचा विचार येतो का?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मुलाला बोलायला वाट मिळते.

जिवे मारण्याची धमकी, घराचा पत्ता पसरवणं, पाठलाग, किंवा समोर मोठा माणूस असल्याचा संशय: सायबर पोलीस. अकाउंट डिलीट करू नका, उत्तर देऊ नका, स्वतः त्याला पकडायला भेटायला जाऊ नका.

फोटो पसरवण्याची धमकी देऊन पैसे किंवा आणखी फोटो मागितले जात असतील: काहीही देऊ नका. एकदा दिलं की मागणी वाढते. मुलाला त्याच क्षणी सांगा की चूक त्याची नाही. पोलिसांत तक्रार करा आणि सोबत "टेक इट डाउन" ही मोफत सेवा वापरा. अठरा वर्षांखाली असताना काढलेल्या फोटोंसाठी अमेरिकेतली नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉयटेड चिल्ड्रन ही संस्था ती चालवते, आणि ती कुठल्याही देशातून वापरता येते. फोटो फोनमध्येच राहतो. त्याची फक्त आकड्यांची खूण तयार होऊन सहभागी कंपन्यांकडे जाते आणि तोच फोटो त्यांच्याकडे आला तर ओळखता येतो. प्रौढांसाठी अशीच सेवा "स्टॉपएनसीआयआय" नावाने आहे. एन्क्रिप्टेड चॅटमध्ये फिरणाऱ्या प्रतींपर्यंत या सेवा पोचत नाहीत, म्हणून तक्रार टाळू नका.

पासवर्ड बदलूनही अकाउंट परत परत ताब्यातून जात असेल, किंवा फोनमध्ये हेरगिरीचं अ‍ॅप असल्याची शंका असेल तर फोन रीसेट करण्याआधी पोलिसांना किंवा जाणकाराला दाखवा. रीसेट केलं की पुरावाही जातो.

नंतर

त्रास थांबल्यावर पहिले काही आठवडे तेवढेच महत्त्वाचे. अ‍ॅप अपडेट झालं किंवा नवा फोन घेतला की लिंक्ड डिव्हाइसेस, ग्रुपची सेटिंग आणि फॉलोअर यादी पुन्हा बघा. शाळेचं नवं वर्ष सुरू होताना नवे ग्रुप निघतात तेव्हाही. हे मुलाच्या हातून करून घ्या, तुम्ही शेजारी बसा. पुराव्याचं फोल्डर किमान ते शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत ठेवा, पण मुलाच्या फोनवर ठेवू नका, तुमच्याकडे ठेवा. रात्री ते उघडून पुन्हा पुन्हा वाचणारी मुलं मी पाहिली आहेत.